मोटारीच्या इंजिनांतील ठिणगीची वेळ : ती घरच्या घरीं कशी तपासावी व कशी बसवावी

पेरणी वेळेवर होणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वाफसा येण्यापूर्वीं पाभर घातली तर माती चिकटते, ढेंकळें पडतात व बीं कुजतें. वाफसा निघून गेल्यावर घातली तर ओल उरत नाहीं व बीं उगवत नाहीं. बियाणें तेंच, जमीन तीच, कष्टहि तेच. फरक काय तो वेळेचा. आपल्या दारांत जी जुनी पेट्रोलची जीप अगर मोटार उभी असते, तिच्या इंजिनाचीहि हीच गोष्ट आहे. चार सिलिंडरांचें इंजिन अगदीं मंद, म्हणजे मिनिटास ६०० फेरे घेत चालत असलें, तरी त्यांत मिनिटास १,२०० ठिणग्या पडतात. त्यांतील प्रत्येक ठिणगीस आपला वाफसा असतो. तो साधला तर पेट्रोलची ताकद चाकांस मिळते. चुकला तर तेंच पेट्रोल इंजिन तापविण्यांत आणि झिजविण्यांत खर्ची पडतें.

ठिणगीची वेळ तपासण्यास कारखान्यांतील मोठीं यंत्रें लागतात असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. एक-दोन पाने, एक पेचकस, पातींची मापपट्टी म्हणजे फीलर गेज, आणि दोन तारा जोडलेला मोटारीचाच एक लहान दिवा, एवढ्या साहित्यावर हें काम अंगणांतील झाडाखालीं तास-दीड तासांत होतें. मात्र त्यांत एक क्रम आहे. तो मोडला तर काय होतें हें आम्हीं पाहिलें आहे. आणि खेदाची गोष्ट ही, कीं आमच्या चुकीचें फळ दुसऱ्यास भोगावें लागलें. म्हणून तो प्रसंगच प्रथम सांगतों.

आमच्या हातून घडलेली चूक

आमच्याकडे उंच बॉनेटची जुनी पेट्रोल जीप आहे. बियाणें, खताच्या गोण्या, दुधाचे कॅन, आणि प्रसंगीं आजारी माणूस तालुक्याच्या गांवीं पोंचविण्याचें काम ती आजवर करीत आली. कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या अखेरीस तिची ओढ कमी झाली. साध्या चढावर ती दुसऱ्या गिअरखेरीज जाईना, आणि वर पोंचेपर्यंत पाणी उकळूं लागे. ठिणगी उशिरा पडत असावी असा आम्हीं तर्क केला, व तो खराहि होता. परंतु ती उशिरा कां पडूं लागली, हें शोधण्याची तसदी आम्हीं घेतली नाहीं. डेल्कोचा स्क्रू सैल केला, डेल्को दोन जव फिरविला आणि स्क्रू आवळला. गाडी पुन्हां पहिल्यासारखी ओढूं लागली, व आपणांस मिस्त्रीची गरज उरली नाहीं असें आम्हांस वाटलें.

पंधरा दिवसांनीं डेल्कोचें टोपण उघडलें तेव्हां आंतील पॉइंट झिजलेले दिसले. नवे आणून त्यांची फट मापानें बरोबर बसविली. काम चोख झालें अशा समाधानांत टोपण लावलें. डेल्को पूर्वीं फिरविलेला आहे याची आठवणहि झाली नाहीं.

मृग लागला. चांगला पाऊस होऊन उघाड पडली आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे बियाणें घेऊन मळ्यांत जावयाचें ठरलें. बॅटरी उतरली होती, म्हणून आमच्या जुन्या गड्यानें हँडल लावलें. पहिल्या झटक्यालाच तो म्हणाला, "मालक, हँडल उलटं अंगावर येतंय." आम्हीं वरून म्हटलें, "थंडीनें जड झालें असेल, जरा जोर कर." त्यानें जोर केला. इंजिन उलट फिरलें, हँडल माघारी आलें, आणि त्याचें मनगट मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें राहिला. दवाखान्याचा खर्च व त्याची मजुरी आम्हीं दिली, हें सांगण्यांत भूषण कांहींच नाहीं. तें देणेंच होतें. ज्या हातानें वीस वर्षें आमच्या शेतांत पाभर धरली तो हात ऐन पेरणींत गळ्यांत बांधलेला पाहावा लागला, ही गोष्ट मात्र पैशानें फिटण्यासारखी नाहीं.

कारण मागाहून उमगलें. पॉइंट झिजले, त्यांची फट अरुंद झाली, म्हणून ठिणगी उशिरा पडूं लागली. तो उशीर आम्हीं डेल्को फिरवून भरून काढला. नंतर फट बरोबर केली, तेव्हां मूळचा उशीर आपोआप नाहींसा झाला; पण डेल्को फिरविलेलाच राहिला. एकाच दोषावर दोन उपाय झाले आणि ठिणगी फार आधीं पडूं लागली. म्हणून या लेखांतील सर्व सूचनांचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर तें असें : *आधीं फट, मग वेळ, आणि फटीस हात लावला कीं वेळ पुन्हां तपासलीच पाहिजे.*

हा लेख कोणत्या गाडीस लागू आहे

डिझेलच्या ट्रॅक्टरास व जीपला ठिणगी नसतेच. तेथें दाबानें तापलेल्या हवेंत डिझेल फवारलें जातें व तें आपोआप पेटतें; त्या फवाऱ्याची वेळ बसविणें हें पंप दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराचें काम आहे. हल्लींच्या पेट्रोल मोटारींत ठिणगीची वेळ संगणक क्षणोक्षणीं ठरवितो. तेथें हातानें फिरविण्याजोगें कांहीं नाहीं, व कोणी फिरवूंहि नये. हा लेख पॉइंट व डेल्को असलेल्या जुन्या गाड्यांसाठीं आहे. अशा जीप, अ‍ॅम्बॅसेडर व फियाट अद्यापि कित्येक वाड्यांत व गोठ्यांत उभ्या आहेत.

पुढें दिलेलीं मापें उंच बॉनेटच्या जीपचीं, म्हणजे विलिस कंपनीच्या हरिकेन इंजिनाचीं आहेत. हें इंजिन चार सिलिंडरांचें व १३४ घन इंचांचें, सुमारें २.२ लिटरचें आहे. त्याचे आंत घेण्याचे व्हॉल्व्ह माथ्यावर व बाहेर सोडण्याचे व्हॉल्व्ह बाजूस असल्यामुळें तें पूर्वींच्या जीपच्या इंजिनाहून उंच झालें, आणि त्यासाठींच बॉनेट उंच करावें लागलें. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें अशा जीप आपल्या देशांत पुष्कळ वर्षें बनविल्या. इतर गाड्यांचा क्रम हाच, परंतु मापें निराळीं. तीं त्या त्या गाडीच्या पुस्तकांतून घ्यावीं, एकीचीं दुसरीस लावूं नयेत.

ठिणगी आधीं कां पाडावी लागते

दट्ट्या वर येऊन हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबतो. अगदीं माथ्यावर पोंचल्यावर ठिणगी पाडावी असें सकृद्दर्शनीं वाटतें. परंतु मिश्रण एकदम पेटत नाहीं. कडब्याच्या गंजीस एका टोंकास आग लागली तर ती पसरण्यास वेळ लागतो, तशीच ज्वाला प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरण्यास सेकंदाचे कांहीं हजारांश लागतात. सर्वांत मोठा दाब दट्ट्या माथ्यावरून थोडा खालीं उतरला म्हणजे यावा, तरच तो त्यास जोरानें खालीं ढकलतो. म्हणून ठिणगी दट्ट्या माथ्यावर येण्यापूर्वींच पाडावी लागते. हरिकेन इंजिन मंद चालत असतां ती माथ्यापूर्वीं ५ अंशांवर पडावी असें बनविणाऱ्यांनीं ठरविलें आहे. क्रँकशाफ्टचा पुरा फेरा ३६० अंशांचा. तेव्हां ५ अंश म्हणजे फेऱ्याचा बहात्तरावा भाग.

वेग वाढला कीं हिशेब बदलतो. मिनिटास ६०० फेरे असतां सेकंदाच्या एका हजारांशांत क्रँकशाफ्ट ३.६ अंश फिरतो; ३,००० फेरे असतां तेवढ्याच वेळांत १८ अंश फिरतो. वेगाबरोबर ज्वालाहि अधिक झपाट्यानें पसरते हें खरें, तरी ती पुरी पडत नाहीं. म्हणून वेगांत ठिणगी आणखी आधीं पाडावी लागते. हें काम डेल्कोच्या पोटांतील दोन लहान वजनें करतात. वेग वाढला कीं तीं गोफणीच्या दगडाप्रमाणें बाहेर ओढलीं जातात आणि कॅमला पुढें सरकवितात. वेग उतरला कीं स्प्रिंगा त्यांस माघारीं आणतात. आपण बसवावयाची ती केवळ मंद गतीची, म्हणजे पायाची वेळ. पुढची वाढ हीं वजनें पाहून घेतात.

ठिणगी उशिरा पडली तर मिश्रण जळून संपण्यापूर्वींच बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो. जळता वायु त्यावरून जातो, व्हॉल्व्ह होरपळतो, आणि जी उष्णता दट्ट्यास ढकलावयाची ती रेडिएटरच्या पाण्यांत व सायलेन्सरांत जाते. ठिणगी फार आधीं पडली तर वर येणाऱ्या दट्ट्याच्या डोक्यावर भडका उडतो. मग बैल पुढें ओढीत असतां कोणी गाडी मागें ढकलावी तसें होतें. भार असतां लोखंडावर हातोडीचे बारीक ठोके पडल्यासारखा आवाज येतो. तो दुर्लक्षिला तर दट्ट्यास भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. हँडलवर तर इंजिन सरळ उलटच फिरतें.

डेल्को हें नांव कोठून आलें

ठिणगी वाटून देणाऱ्या या भांड्यास आपले मिस्त्री डेल्को म्हणतात. हें नांव अमेरिकेंतील ओहायो संस्थानांतील डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी हिच्या आद्याक्षरांपासून झालें आहे. ही कंपनी चार्ल्स केटरिंग व एडवर्ड डीड्स यांनीं १९०९ मध्यें काढली. केटरिंग हा शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेला. बॅटरी, कॉइल व पॉइंट यांच्या साहाय्यानें ठिणगी पाडण्याची जी पद्धत पुढें जगभर पसरली ती त्यानेंच रूढ केली. त्यानेंच बनविलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसविण्यांत आला. त्यापूर्वीं बहुतेक पेट्रोल मोटारी हँडल मारून चालू कराव्या लागत, व हँडल उलटून हात मोडणें ही नित्याची गोष्ट होती. जो अपघात त्या शोधानें जगांतून जवळजवळ नाहींसा झाला, तो आम्हीं आपल्या अंगणांत पुन्हां घडवून आणला!

कामाची तयारी

गाडी सपाट जागीं, उघड्यावर उभी करावी. गिअर न्यूट्रलमध्यें व हँडब्रेक ओढलेला असावा. चाकांखालीं दगड द्यावे. इंजिन बंद व गार असावें. पेट्रोल कोठें ठिबकत नाहीं हें पाहावें, व जवळपास बिडी-काडी असूं नये. चारहि प्लगांच्या तारांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधाव्या. रेडिएटरकडील सिलिंडर तो पहिला. मग प्लगाभोंवतालची धूळ फुंकून प्लग काढावे, म्हणजे इंजिन हँडलनें एका हातानें सहज फिरवितां येतें. प्लग घांसून स्वच्छ करावे व त्यांची फट ०.०३० इंच, म्हणजे सुमारें पाऊण मिलिमीटर ठेवावी.

डेल्कोचें टोपण काढून आंतून पाहावें. त्यांत केसासारखी तडा किंवा काळी रेघ दिसली तर ठिणगी तेथूनच पळते. असें टोपण बदलावें. रोटरहि तसाच तपासावा. टोपण धडकें नसेल तर पुढचे सर्व श्रम वायां जातात.

पहिलें काम : पॉइंटची फट

पॉइंट म्हणजे दोन लहान धातूच्या टिकल्या. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या फायबरच्या टांचेस उचलतो तेव्हां त्या टिकल्या एकमेकींपासून दूर होतात. त्याच क्षणीं कॉइलमधील प्रवाह तुटतो व ठिणगी पडते. पॉइंट उघडण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व रीत यावरच आधारलेली आहे.

फायबरची टांच कॅमवर घासून दिवसेंदिवस झिजते. ती झिजली कीं उंचवटा तिला उशिरा गांठतो, फट लहान होते आणि ठिणगी उशिरा पडते. उलट फट वाजवीपेक्षां मोठी ठेवली तर पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आधीं पडते. फट व वेळ या दोहोंची अशी गांठ पडलेली आहे.

टिकल्या जळून एकीवर खड्डा व दुसरीवर टेंगूळ आलें असेल तर नवे पॉइंटच घालावे. कारण टेंगळावर टेकलेली सपाट पाती फट बरोबर दाखविते, प्रत्यक्षांत ती मोठी असते. पॉइंट वारंवार असे जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. नंतर स्विच बंद ठेवून हँडल हळूहळू फिरवावें व टांच कॅमच्या अगदीं उंच टोंकावर आणून थांबावें. तेथें फट २० थाऊ, म्हणजे ०.०२० इंच किंवा सुमारें अर्धा मिलिमीटर असावी. पाती टिकल्यांना हलकेच घासत गेली पाहिजे. अडकूंहि नये व मोकळीहि फिरूं नये. स्क्रू आवळतांना फट पुष्कळदां सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हां मापावें. शेवटीं स्वच्छ फडक्यानें टिकल्या पुसाव्या, कारण पातीचें तेल तेथें राहिलें तर टिकल्या जळतात. कॅमवर डेल्कोसाठीं मिळणारें ग्रीस ज्वारीच्या दाण्याएवढें लावावें, अधिक नव्हे.

दुसरें काम : दिव्यानें वेळ बसविणें

आतां पहिला सिलिंडर दाबाच्या फेऱ्यावर आणावयाचा. पहिल्या प्लगाच्या भोंकावर अंगठा दाबून धरावा आणि दुसऱ्याकडून हँडल हळूहळू नेहमींच्या दिशेनें फिरवावें. हवा अंगठ्यास बाहेर ढकलूं लागली कीं दट्ट्या दाबाच्या फेऱ्यांत वर येत आहे असें समजावें. ही खात्री केल्याविना केवळ खुणेवर विसंबूं नये. कारण पूर्ण चक्रास क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात, आणि खूण दोन्ही फेऱ्यांत सारखीच दिसते.

खुणा कांहीं इंजिनांवर पुढील पुलीवर व तिच्या मागील झांकणावर असतात, तर कांहींवर फ्लायव्हीलवर असून त्या लहानशा खिडकींतून पाहाव्या लागतात. त्या चिखल-ग्रीसाखालीं दडलेल्या असतात. रॉकेलनें पुसून त्यांवर खडू भरावा. पुलीवर केवळ माथ्याची खूण सांपडली व ५ अंशांची नाहीं, तर दोऱ्यानें पुलीचा घेर मोजावा व त्यास ७२ नें भागावें. जेवढें माप येईल तेवढ्या अंतरावर, फिरतांना कांट्याखालीं आधीं येईल अशा बाजूस, नवी खूण करावी.

हँडल हळूहळू फिरवून ५ अंशांची खूण कांट्यासमोर आणावी. ती ओलांडली गेली तर तेवढीच मागें घेऊन थांबूं नये. दांत्यांत थोडी ढील असते, ती वेळ चुकविते. पाव फेरा मागें जाऊन पुन्हां पुढच्या दिशेनेंच खुणेवर यावें. रोटरचें टोंक टोपणांतील पहिल्या प्लगाच्या घराकडे वळलेलें आहे ना, हेंहि पाहावें.

आतां चाचणीचा दिवा घ्यावा. बॅटरी १२ व्होल्टची असेल तर दिवा १२ चा, जुनी ६ व्होल्टची असेल तर ६ चा. त्याची एक तार कॉइलच्या डेल्कोकडील टोंकास जोडावी व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास. कॉइलमधून डेल्कोच्या टोपणांत जाणारी मधली जाड तार काढून तिचें टोंक लोखंडास टेकवून ठेवावें, म्हणजे ठिणगी भलतीकडे उडणार नाहीं. मग स्विच चालू करावा. पॉइंट मिटलेले असतील तोंवर प्रवाह त्यांतूनच जातो व दिवा विझलेला राहतो. पॉइंट उघडतांच प्रवाहास दिव्याचीच वाट उरते व दिवा लागतो. *दिवा लागण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण.*

डेल्कोचा आवळणारा स्क्रू जेमतेम फिरेल इतका सैल करावा. रोटर कोणत्या दिशेनें फिरतो हें हँडल फिरवितांना पाहून ठेवलेलें असावें. या जीपचा रोटर वरून पाहतां घड्याळाच्या उलट दिशेनें फिरतो. आधीं डेल्को रोटरच्या दिशेनें थोडा फिरवून दिवा विझवावा. मग उलट दिशेनें अगदीं हळूहळू, मुंगीच्या चालीनें फिरवावा. ज्या क्षणीं दिवा लागेल तेथें थांबावें व स्क्रू आवळावा. डेल्को रोटरच्या उलट दिशेस फिरविला तर ठिणगी आधीं, आणि रोटरच्या दिशेस फिरविला तर उशिरा, हा सर्व गाड्यांस लागू असा नियम आहे.

मग परीक्षा करावी. हँडलनें इंजिनाचे पुरे दोन फेरे करून पुन्हां खुणेकडे यावें. खूण कांट्यासमोर येतांना दिवा लागला तर काम साधलें. आधीं किंवा मागाहून लागला तर पुन्हां बसवावें. स्विच फार वेळ चालू ठेवूं नये, कॉइल तापते. शेवटीं तारा १–३–४–२ या क्रमानें रोटरच्या दिशेस लागलेल्या आहेत याची खात्री करून प्लग, टोपण व जाड तार जागच्या जागीं बसवावी.

चालत्या इंजिनावर तपासणी

चमकणारा टायमिंग दिवा मिळाला तर चालत्या इंजिनावरहि वेळ पाहतां येते. तो पहिल्या प्लगाच्या तारेस लावून त्याचा झोत खुणेवर टाकावा. इंजिन मंद चालत असतां ५ अंशांची खूण कांट्यासमोर स्थिर दिसावी. वेग वाढविला कीं ती हळूहळू सरकून ठिणगी आधीं पडूं लागल्याचें दिसावें, व वेग उतरतांच माघारी यावी. सरकत नसेल तर डेल्कोच्या पोटांतील वजनें गंजून अडकलीं आहेत. धक्के खात सरकत असेल तर स्प्रिंग तुटली किंवा सैल झाली आहे. ज्या गाड्यांच्या डेल्कोस व्हॅक्यूमची नळी असते, तिची नळी या तपासणीपुरती काढून तिचें तोंड बंद करावें.

येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. या दिव्याच्या झोतांत फिरता पंखा व पट्टा स्थिर उभे दिसतात. डोळ्यांवर विश्वासून हात घातला तर बोटें जातील. धोतराचा सोगा, उपरण्याचें टोंक, सैल बाही यांपैकीं कांहींहि जवळ असूं नये. मुलांस दूर ठेवावें. बंद गोठ्यांत किंवा खोलींत इंजिन चालवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो.

"ठोका येईपर्यंत फिरवा" ही जुनी रीत सोडावी

जुने मिस्त्री दिवा न लावतांहि वेळ बसवीत. भार देऊन इंजिनांत ठोका येईपर्यंत डेल्को फिरवावयाचा, व ठोका जाईल इतकाच माघारी घ्यावयाचा, ही त्यांची रीत. ज्या काळीं हें इंजिन आंखलें गेलें त्या काळच्या पेट्रोलची ठोका न येऊं देण्याची शक्ति, म्हणजे ऑक्टेन अंक, पुष्कळ कमी होता; ठोका लवकर येई, आणि म्हणून ती रीत चाले. आजच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक त्याहून पुष्कळ अधिक आहे. शिवाय २०२५ पर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलांत सुमारें २० टक्के एथॅनॉल मिसळलें जाऊं लागलें. आपल्याच शेतांतील ऊस, मका व तांदूळ यांपासून होणारा हा पदार्थ ठोका आणखी दाबून धरतो. परिणाम असा, कीं कमी दाबाच्या या जुन्या इंजिनांत ठिणगी कितीहि आधीं नेली तरी ठोका ऐकूं येण्यापूर्वींच हँडल उलटूं लागतें. आमच्या जीपमध्यें त्या पहांटेपर्यंत ठोक्याचा आवाज एकदांहि आला नव्हता. म्हणून ठोका नाहीं यावरून वेळ बरोबर आहे असें मानूं नये. खूण आणि दिवा हेच खरे साक्षीदार.

बसविल्यावर गाडी गरम करून एखाद्या चढावर भारासह चालवून पाहावी. ओढ चांगली असून पाणी उकळत नसेल, गरम इंजिनास स्टार्टर अडखळत नसेल व मंद चाल एकसारखी असेल तर समाधान मानावें. तरीहि पाणी उकळत असेल तर पुन्हां डेल्कोकडे धांव घेऊं नये. रेडिएटरांत क्षार साचणें, पट्टा सैल होणें, मिश्रणांत पेट्रोल कमी पडणें हींहि उकळण्याचीं कारणें आहेत. एका दोषाचें खापर दुसऱ्यावर फोडण्याची संवय आम्हांस किती महागांत पडली तें वर सांगितलेंच आहे.

हँडल मारणाऱ्यासाठीं

वेळ कितीहि बिनचूक बसविली असली तरी हँडल मारतांना अंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा, मुठीसारखा हँडलभोंवतीं गुंडाळूं नये. हँडल उलटलें तर हात आपोआप सुटतो. हँडल खालून वर ओढावें. वरून खालीं दाबून जोर करूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हँडल मारणारा माणूस "आज कांहीं निराळें लागतें" असें म्हणाला तर स्विच बंद करून टोपण उघडावें. यंत्र बिघडल्याचें वर्तमान ज्याच्या हातास प्रथम कळतें त्याचें ऐकणें हा मालकाचा धर्म आहे. त्या पहांटे आम्हीं तें ऐकलें असतें तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

आमच्या वाचकांस एकच विनंति आहे. पॉइंटची फट व ठिणगीची वेळ जेव्हां तपासाल, तेव्हां तारीख, मैल आणि फटीचें माप वहींत टिपून ठेवावें. डेल्को फिरविला असेल तर कां फिरविला हेंहि लिहावें. आमच्या गाडीच्या पेटींत आतां अशी वही आहे, व तिच्याशेजारीं दोन तारांचा दिवा आहे. गड्याचें मनगट बरें झालें. पाभर तो पूर्वींसारखीच सरळ धरतो. जीपची दुरुस्ती झाल्यावर मात्र तो आधीं दिवा लावावयास सांगतो, खूण व दिवा जुळलेले स्वतः पाहतो, आणि मगच हँडलास हात घालतो. आम्हीहि त्यास कधीं घाई करीत नाहीं.